सूचना : भंडारदरा येथील दोन रात्रींची सहल

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, यंदाची सहल गोवा अथवा महाबळेश्वरऐवजी भंडारदऱ्यास नेण्याचा निर्णय कार्यकारिणीने घेतला असून, काही सभासदांनी विचारणा केल्यामुळे त्यामागील हिशेब येथे मांडत आहोत.

प्रतिदिन साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि ग्रामीण भागातील बहुतेक साधी, स्वच्छ हॉटेले याच मर्यादेत बसतात. त्यातही शनिवार-रविवार टाळल्यास दरात घासाघीस करता येते, म्हणूनच मंगळवार ते गुरुवार हे दिवस निवडले आहेत; नोकरदारांना रजा काढावी लागेल, हे मान्य आहे.

प्रवास रेल्वेने इगतपुरीपर्यंत व पुढे घोटीमार्गे एसटीने होईल. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत असल्याने आपल्यासारख्या मंडळाचा खर्च चांगलाच उतरतो. जेवण तेथील घरगुती खानावळीत घेऊ: चुलीवरची गरम भाकरी, पिठले आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा. हॉटेलातील पनीरपेक्षा ते स्वस्त असते आणि, खरे सांगायचे तर, चवीलाही उजवे. १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण व रंधा धबधबा पाहण्याचे नियोजन आहे.

इच्छुकांनी रविवारपर्यंत कार्यालयात नावे नोंदवावीत व वयाच्या दाखल्यासाठी आधार कार्ड सोबत आणावे.

— चिटणीस