म्हशींच्या डबक्यांचं काम

धुलिखेल, जि. काभ्रेपलांचोक, नेपाळ
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आपला फोन मध्येच तुटला. "तू तिकडे हिमनद्यांचं काम करतोस ना रे?" असं तू विचारलंस आणि मी "हो, तसंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. हिमनद्यांचे डोंगर मला दिसतात ते हवा स्वच्छ असेल तर सकाळी दात घासताना, लांबून. माझं काम म्हशींच्या डबक्यांचं आहे. हसू नकोस, पुढं वाच.

पण तुझा समज काही उगाच झालेला नाही. नेपाळ आणि हवामानबदल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं एव्हरेस्टच्या दक्षिणेचा इम्जा तलाव येतो. पाच हजार मीटर उंचीवर १९६० च्या आसपास नुसती डबकी होती. हिमनदी वितळत गेली आणि तिथं दोन किलोमीटर लांबीचा, दीडशे मीटरच्या आसपास खोलीचा तलाव झाला. त्याला बांध कसला, तर हिमनदीनंच ढकलत आणलेल्या दगडमातीचा. तो फुटला तर खालच्या वस्त्यांचं काही खरं नव्हतं. म्हणून २०१६ साली नेपाळी सैन्यानं तिथं चर खणून दारं बसवली आणि पाण्याची पातळी ३.४ मीटरनं उतरवली. सामान याकच्या पाठीवर आणि हेलिकॉप्टरनं न्यायचं. विरळ हवेत आणि वाऱ्यात माणसं दिवसाला जेमतेम दोन-तीन तास काम करू शकायची. मी त्या कामाला नावं ठेवणार नाही. ते मनापासून केलेलं आहे.

माझं दुखणं वेगळंच आहे. २०२० साली कोशी, गंडकी आणि कर्णाली या खोऱ्यांतल्या ४७ धोकादायक तलावांची यादी निघाली. त्यातले २१ नेपाळमध्ये, २५ पलीकडं तिबेटात आणि एक आपल्या भारतात. आणि या वर्षी १६ ऑगस्टला थामे गावावर पाणी आलं ते त्या यादीत नसलेल्या लहानशा तलावांतून. थामे म्हणजे तेंझिंग नोर्गे लहानपणी वाढला ते गाव. शाळा गेली, दवाखाना गेला, घरं गेली. भरदुपारची वेळ होती म्हणून माणसं वाचली. त्याच खोऱ्यात १९८५ च्या ऑगस्टमध्ये डिग त्शो हा तलाव फुटून जवळजवळ बांधून झालेला वीज प्रकल्प वाहून गेला होता.

रोल्वालिंग खोऱ्यातल्या त्शो रोल्पा तलावाची गोष्ट तर मी नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. १९९८ च्या सुमारास खालच्या गावांत धोक्याचे भोंगे बसवले आणि २००० मध्ये तलाव तीन मीटरनं उतरवला. उतरवलेला तलाव टिकला. भोंगे मात्र काही वर्षांतच मुके झाले. दुरुस्ती कुणी करायची, पैसे कुठून आणायचे, हे कुणाच्या गळ्यातच नव्हतं. वर माओवादी यादवीचा काळ.

आता डबक्यांकडं येतो.

मधल्या डोंगरांतल्या लोकांना हिमनदीचं पाणी मिळत नाही रे. नदी वाहते खाली दरीत, गाव असतं वर डोंगराच्या धारेवर. पाणी असतं ते झऱ्याचं. इथं झऱ्याला 'मूल' म्हणतात, आपल्या 'मूळ'सारखंच. "मूल सुक्यो", म्हणजे झरा आटला, हे वाक्य मी पहिल्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की नेपाळी भाषेतलं मला आलेलं पहिलं अख्खं वाक्य तेच. पाऊस तेवढाच पडतो, पण थोड्या दिवसांत बदाबदा पडून जातो, असं म्हातारी माणसं सांगतात. हिवाळ्यातल्या सरींचा भरवसा राहिलेला नाही. पण सगळं खापर हवामानावर फोडायला मी तयार नाही. २०१५ च्या भूकंपानं कित्येक झऱ्यांच्या वाटा बदलल्या. गावोगाव जेसीबी लावून डोंगर कापत रस्ते काढले. त्याला इथं लोकांनीच नाव दिलंय, 'डोजरे विकास'. प्रस्तावात मात्र सगळं हवामानाच्या नावावर लिहावं लागतं, कारण पैसा त्या खात्यातून येतो.

आणि डबकी. धारेवर सपाटी असेल तिथं पूर्वी 'आहाल' असायचे, म्हशींनी लोळायची डबकी. पावसाचं धावतं पाणी त्यात थांबायचं आणि हळूहळू डोंगरात उतरायचं. म्हैस लोळून तळ लिंपला जाईल, मग पाणी मुरणार कसं, असं तू विचारशील. मीही विचारलं होतं. ते काठांतून मुरतं, शिवाय उतारावर धावून जाणारं पाणी अडतं हेही थोडकं नाही. पुढं पोरं आखातात आणि मलेशियात गेली, म्हशी कमी झाल्या, आहाल बुजले. कुणी त्यावर व्हॉलीबॉलचं मैदान केलं. बुजलेली डबकी शोधायची, नवी खणायची आणि खालच्या झऱ्याला पाणी वाढतंय का ते बादली लावून मोजायचं, हे माझं काम. शास्त्र आपल्याकडचंच आहे: सिक्कीममधल्या झरे जिवंत करण्याच्या 'धारा विकास' कामात आणि पुढं नेपाळमध्येही पुण्याच्या 'अॅक्वाडॅम'च्या भूजलवाल्यांचा हात आहे.

आता माझी फजिती ऐक. मी शिकलो सह्याद्रीत. आपला काळा पाषाण भाकऱ्यांच्या चवडीसारखा आडवा, थरावर थर. इथले फिलाइट आणि क्वार्टझाइट हे खडक म्हणजे फळीवर कलंडलेली पुस्तकं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पायांना माहीत नव्हतं. वरच्या वाडीच्या डोक्यावर चार डबकी खणवली, कारण वरच्या वाडीचा झरा आटला होता. माणसं महिनाभर राबली. पावसाळा झाला, हिवाळा गेला, चैत्र आला. वरच्या वाडीचा झरा होता तसाच रडत, आणि धारेपलीकडच्या वाडीचा, जिथल्या एकानंही कुदळ उचलली नव्हती, तो खळाळत! थरांचा उतार पलीकडं होता. पाणी थरांबरोबर गेलं.

बैठकीत एक आमा उठल्या, सत्तरीच्या असतील. म्हणाल्या, "पसिना हाम्रो, पानी उनीहरूको." घाम आमचा, पाणी त्यांचं. मी खाली मान घालून बसलो. उत्तर काय देणार?

तेव्हा मला तुझे आबा आठवले. नायगावच्या पाणी पंचायतीचं सांगताना ते बोटांवर मोजत नियम म्हणायचे: पाणी जमिनीवर नाही, डोक्यावर, ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा, ऊस लावायचा नाही. विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरात ते उभं केलं, त्याची हकीकत मी मोडक्या नेपाळीत त्या बैठकीत सांगितली. उपदेश म्हणून नाही, दुसरं काही सुचेना म्हणून. बरीच भांडाभांडी झाली. शेवटी पलीकडच्या वाडीनं वरच्यांसाठी एक नळ सोडायचा आणि डबक्यांचा गाळ काढायला दरवर्षी घरटी एक माणूस द्यायचा असं ठरलं. आमच्या अहवालात या ठरावासाठी रकानाच नाही. डबक्यांची संख्या लिहायला आहे.

सप्टेंबरच्या शेवटी इथं जो पाऊस झाला त्याच्या बातम्या तू पाहिल्या असशील. काठमांडूच्या विमानतळावर चोवीस तासांत २४० मिलिमीटरच्या आसपास. आमच्या जिल्ह्यात रोशी नदीनं महामार्गच ठिकठिकाणी खाऊन टाकला, माणसं गेली. आम्ही सगळे सुखरूप आहोत, आईला तसं पुन्हा एकदा सांग. ती फोनवर विश्वास ठेवत नाही.

वहिनींना नमस्कार. अंजिराच्या बागेचं काय झालं ते सविस्तर लिही, आणि फोन करू नकोस, पत्रच लिही.

तुझा,
विनय

ता. क. त्या पावसात चारपैकी दोन डबकी गाळानं भरली. उद्या सकाळी सातला काढायला घेतोय. निरोप दोन्ही वाड्यांना गेलाय. पलीकडून किती जण येतात ते बघायचं.