फोटो झाले, आता अनलिमिटेड कोरियन बार्बेक्यूचं कामाचं सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे एका रविवारच्या पुरवणीत तुम्ही पुण्यातल्या अनलिमिटेड कोरियन बार्बेक्यूच्या (म्हणजे माणशी ठरलेले पैसे भरा अन टेबलावरच भाजून पाहिजे तेवढं मटण खा) हॉटेलांची यादी छापली होती, चांगलं अर्धं पान, रंगीत फोटो वगैरे, त्याबद्दल लिहून राहिलो. पत्र लांबलं तर कापा, पण किमचीचं, म्हणजे कोरियन लोकांच्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याचं, तेवढं कापू नका.

मी धामणगाव रेल्वे तालुक्यातला, घरी कापूस, तूर अन थोडं सोयाबीन. तुम्ही म्हणाल याले काय करायचं कोरियन बार्बेक्यूचं. तर आमचं पोट्टं पुण्याला खराडीत नोकरीला आहे आणि पोट्टी बारावीची परीक्षा संपल्यापासून मोबाइलवर कोरियन सिरीयल पाहून राहिली, त्यात ते लोक दर दोन एपिसोडनंतर टेबलावरच मटण भाजत बसतात. तिनं तुमचं पान कापलं आणि फ्रिजवर चिकटवलं. दोन महिने मी पाणी प्यायला फ्रिज उघडला की आधी ते पान दिसायचं. शेवटी कापसाचे पैसे आले, महाराष्ट्र एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन काढलं आणि मी, बायको, पोट्टी असे तिघं निघालो.

तुमच्या यादीत जे पहिलं नाव होतं तिथंच गेलो. नाव लिहीत नाही, भांडण काढायचं नाही. माणशी १,४९९. आत गेल्यावर पोरगा म्हणाला, सर नव्वद मिनिटं आहेत. म्हटलं ठीक आहे, जेवायला नव्वद मिनिटं लय झाली, लग्नाच्या पंगतीत वीस मिनिटांत उठावं लागते. पण तिथंच फसलो. आधी टेबलावर काय आणलं तर नूडल्स, तळलेलं चिकन, भात, आणि एक गोडुस पाव. रात्रभर गाडीत बसलेले आम्ही, तुटून पडलो. आमच्याकडं पंगतीत आधी भातानं पोटं भरवून मग बुंदी फिरवणाऱ्या यजमानाला लोक वर्षभर नावं ठेवतात, इथं त्याचेच पैसे घेतात.

मग मटण आलं. मटण म्हणजे डुकराचं, हे पोट्टीनं आधीच सांगून ठेवलं होतं. खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यापुढं डुक्कर म्हटलं की जे येतं ते येतंच, पण एवढ्या लांब येऊन तोंड फिरवायचं नाही असं ठरवून गेलो होतो. तर ते कागदासारखं पातळ, बर्फात गोठलेलं, गुंडाळ्या झालेल्या. तव्यावर टाकलं की पाणी सुटायचं आणि भाजायच्या ऐवजी उकडायचं. दुसरी प्लेट मागवली तर ती यायला वीस मिनिटं, तिसरीला पंचवीस. आता नव्वदातून हे वजा करा आणि तुम्हीच सांगा अनलिमिटेड काय होतं, मटण का वाट पाहणं. त्यात मसाला लावलेलं आधी आणून टाकलं, त्यात साखर असते, ते तव्याला चिकटून काळं झालं, तवा बदलून द्या म्हटलं तर हो हो म्हणून पोरगा गेला तो गेलाच. त्याच काळ्यावर मग चिकन. धूर ओढायचा पाइप डोक्यावर होता पण तो शोभेचा होता बहुतेक, कारण बाहेर आलो तेव्हा आमच्या कपड्यांना पोळ्याच्या दिवशी चुलीपुढं बसल्यासारखा वास होता.

आता किमची. माझी बायको माळकरी आहे, मटण-अंडं काही नाही. तुमच्या यादीत त्या हॉटेलापुढं लिहिलं होतं, शाकाहाऱ्यांसाठी किमची आणि इतर भरपूर पदार्थ. तिनं विश्वासानं किमची खाल्ली, तिला आवडलीसुद्धा, म्हणाली आपल्या लोणच्यासारखी आहे पण तेल नाही, दोनदा मागून घेतली. निघताना पोट्टीनं सहज विचारलं की यात काय काय असते, तर तो पोरगा सरळ म्हणाला फिश सॉस. साहेब, त्या बाईचा चेहरा मी विसरत नाही. हॉटेलात काही बोलली नाही, रात्री पोट्ट्याच्या खोलीवर आल्यावर आंघोळ केली आणि माळ हातात घेऊन बसून राहिली.

नंतर पोट्टीनंच शोधून सांगितलं की कोरियात बहुतेक किमचीत मासळीचा सॉस नाहीतर मिठात मुरवलेले बारीक झिंगे घालतातच, चव खुलायला. त्यांच्या बौद्ध मठांमध्ये मात्र मासळी नाही, कांदा-लसूणही नाही, अशी किमची करतात, म्हणजे शाकाहारी किमची होऊ शकते, फक्त विचारून घ्यावं लागते. हॉटेलनं सांगायला पाहिजे होतं, पण ज्यानं यादी लिहिली त्यानंही विचारायला पाहिजे होतं की नाही? एक वाक्य होतं हो. शिवाय तिनं खाल्लं काय तर मशरूम, मक्याचं कणीस, थोडा भात, आणि पैसे मात्र पुरे १,४९९. शाकाहाऱ्यांना वेगळा रेट आहे की नाही हेही यादीत नव्हतं.

बिल आलं त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. मी म्हटलं काढा. पोट्टं माझा शर्ट ओढून राहिलं, "बाबा जाऊ द्या न, काऊन वाद घालता." पण २०२२ मध्येच ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं आहे की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं, हे तुमच्याच पेपरात वाचलं होतं मी. मॅनेजरला तेच सांगितलं, त्यानं गुमान काढलं. त्यावरचा जीएसटी धरून सहाशे तीस रुपये कमी झाले. तरी चौघांचे पाच टक्के जीएसटी धरून ६,२९६ दिले. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, म्हणजे पाऊण क्विंटलच्या वर कापूस तिथं ठेवून आलो, आणि पोट भरलं ते नूडल्सनं.

इथंच थांबलो असतो तर हे पत्र नुसतं रडगाणं झालं असतं. पण पोट्टी तोंड पाडून बसली म्हणून दुसऱ्या दिवशी पोट्ट्यानं ऑफिसातल्या एका मित्राला फोन लावला, त्याचा भाऊ रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. तिकडं एलजीचा कारखाना आहे, तळेगावला जनरल मोटर्सचा जुना कारखाना ह्युंदाईनं घेतला, असे कारखाने असले की कोरियाचे साहेब लोक येणार, आणि साहेब लोक आले की त्यांना घरच्यासारखं जेवण लागणारच. मित्राचा भाऊ म्हणाला जिथं ते स्वतः जेवतात तिथं जा, बोर्ड साधा असेल, फोटो काढायला गुलाबी भिंत नसेल. संध्याकाळी गेलो. बायको आली नाही.

तिथं यादी छोटी, पाच-सहाच प्रकारचं मटण, पण जाड कापलेलं, ताजं. आधी साधं आणलं, मसाला न लावलेलं. पोटाकडचं मांस, त्याला ते साम्ग्यॉपसाल म्हणतात, साम म्हणजे तीन, ग्यॉप म्हणजे थर, साल म्हणजे मांस, चरबी-मांस-चरबी असे थर दिसतातच. तवा थोडा तिरपा, चरबी वितळून एका बाजूनं वाटीत जाते. वाढणारी बाई आली, चिमट्यानं पट्टी उलटली, आणि मोठी कैची काढून टेबलावरच कचाकच तुकडे केले. कैचीनं मटण! आमची पोट्टी खुश, म्हणे सिरीयलमध्ये अस्संच असते. मग सलाडच्या पानात तो तुकडा, थोडा लसूण, थोडी ती सामजांग नावाची चटणी म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची अन मिरचीची, पुडी बांधून एकाच घासात खायची. अर्धी चावायची नाही. मी सोयाबीन पिकवतो पंधरा वर्षांपासून, ते असं खाता येते हे तिथं कळलं, इथं तर काढलं की सरळ मार्केट यार्ड.

मसाल्याचं मटण नंतर, आणि त्याआधी न सांगता तवा बदलला. सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल असं लावून मुरवतात, बुल्गोगी त्याचं नाव, बुल म्हणजे आग अन गोगी म्हणजे मांस. कोरियात ती बहुतेक गाईबैलाच्या मांसाची करतात, आपल्या राज्यात गाय-वासरू आधीपासूनच बंद, २०१५ पासून बैलही बंद, म्हणून इथं नाव तेच पण आत डुक्कर नाहीतर कोंबडी नाहीतर म्हैस. त्यात वाईट काही नाही, पण नुसतं बुल्गोगी लिहून ग्राहकाला अंदाज लावत बसवू नये. त्या बाईनं आम्हाला विचारायच्या आधीच सांगितलं कशात काय आहे.

छोट्या वाट्या आल्या सात-आठ, मोड आलेलं कडधान्य, काकडी, मुळा, पालक, किमची. त्याला बानचान म्हणतात आणि ते कोरियात बहुतेक ठिकाणी जेवणासोबत फुकट मिळते, संपलं की परत भरून आणतात. मग हॉटेलवाले त्याला 'अनलिमिटेड साइड डिश' म्हणून मिरवतात कशाला? म्हणजे ताटात मीठ वाढलं म्हणून आहेर मागण्यासारखं झालं. भिंतीवर स्वच्छ लिहिलं होतं, वेळ दोन तास, कच्चं मटण प्लेटीत उरलं तर वेगळे पैसे. हा दंड मला पटला. अन्न टाकायचं नसेल तर थोडं थोडं मागवा, ते पाच मिनिटांत आणून देतात. आधीच्या ठिकाणी पण दंड होता, पण तो बिल आल्यावर कळायचा, शेजारच्या टेबलावर त्यावरून चांगली जुंपली होती.

शेजारी एक कोरियन कुटुंब होतं, म्हातारा, मुलगा, सून, दोन लेकरं. म्हाताऱ्यानं स्टीलच्या चॉपस्टिक उचलेपर्यंत कोणीच हात लावला नाही, लेकरंही नाही. मी पोट्ट्याकडं पाहिलं. त्याच्या गालात तोवर दोन पुड्या होत्या.

तर साहेब, सांगायचं हे की पुढच्या वेळी यादी छापाल तर आतली सजावट, लाइटिंग, 'सेऊलचा फील' हे अर्धं कमी करा आणि कामाचं छापा. वेळ किती देतात आणि दुसरी प्लेट यायला किती वेळ लागतो, घड्याळ लावून पाहा. मटण ताजं जाड का गोठलेलं पातळ. तवा न सांगता बदलतात का. धूर खरंच ओढला जातो का, यासाठी काही करायचं नाही, बाहेर येऊन शर्ट हुंगायचा. शाकाहाऱ्याला काय रेट. किमचीत मासळी आहे का. आणि बिलात सर्व्हिस चार्ज न विचारता येतो का. तुमचा माणूस हॉटेलच्या निमंत्रणावर जेवायला गेला असेल तर तेही खाली बारीक अक्षरात लिहा, आम्ही समजून घेऊ. पुण्याचा माणूस फसला तर पुढच्या शनिवारी दुसरीकडं जाईल, आमचं तसं नाही, आम्ही वर्षातून एकदा येतो, पोरांच्या हौसेपायी.

आता घरी किमची झाली. पोट्टीनं पत्ताकोबीची केली, ती लांबुळकी चायनीज कोबी धामणगावच्या बाजारात मिळत नाही, आणि त्यांच्या मिरचीऐवजी भिवापुरी मिरचीचं तिखट घातलं, मासळी नाही. तिसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उघडलं तर फस्स करून फेस बाहेर आला, म्हातारी माय ओरडली का खराब झालं फेका, पण तशीच असते म्हणे ती. बायको ती खाते, भाकरीसोबत. माझ्या मते भिवापुरी थोडी कमी पाहिजे होती.

पोट्टी म्हणते पुढच्या कापसाला परत जायचं. बायको म्हणते मी आली तर माझा डबा घेऊन येईन, तुमच्या पेपरवर तिचा आता भरवसा नाही. तेव्हा बाहेरचा डबा कुठं चालतो हेही तेवढं यादीत टाका.

आपला जुना वाचक,
धामणगाव रेल्वे तालुका, जि. अमरावती