अण्णा, ते भंगार नाही

डेट्रॉइट, मिशिगन
येळवशीनंतरचा रविवार

ती. अण्णा आणि ती. सौ. माय यांना शिरसाष्टांग नमस्कार,

वि. वि. मी इथे खुशाल आहे. फोनवर काही धड बोलणं होत नाही. तुम्ही ‘बरं हाय का’ विचारता, मी ‘बरं हाय’ म्हणतो आणि फोन मायकडून बापूकडे जातो. म्हणून सवडीनं लिहायला बसलो.

येळवशीचे, आपल्या वेळ अमावस्येच्या सणाचे, फोटो मिळाले. कोप छान बांधली होती. माय, भज्जी मीही केली. इथे गुजराती दुकानात तुरीचे दाणे, हिरवा हरभरा सगळं गोठवलेलं मिळतं. आंबील मात्र जमली नाही, ज्वारीचं पीठ जुनं निघालं. पण पोटभर जेवलो. ऑफिसातल्या दोघा तेलुगू पोरांनाही वाढलं. तेव्हा मी वाळलोय वगैरे मनात आणू नकोस. फोटोत मी जाड कोट घालत नाही म्हणून तसा दिसतो.

आता मूळ विषय. मामांच्या पोरानं तुम्हाला माझ्या ट्रकचा फोटो दाखवला आणि तुम्ही बापूला म्हणालात, ‘इंजिनेर होऊन अमेरिकेत गेला अन् भंगार घेऊन बसला.’ अण्णा, ते भंगार नाही. तो १९७७ चा फोर्ड एफ-१०० पिकअप आहे. अडीच हजार डॉलरला मिळाला. ह्याला रुपयात गुणू नका, इथल्या भाड्याशी ताडून बघा. माझी रोजची कार वेगळी आहे, ती चांगली चालते. हा ट्रक शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात उभा असतो. आजोबांनी सगळी हयात मोटारीच्या कारखान्यात काढली. आता त्यांचा खांदा वर जात नाही, पण डोळा तुमच्यासारखाच. शिवण कुठे फुगली ते लांबून सांगतात. जागेचे पैसे घेत नाहीत. मी त्यांच्या अंगणातला बर्फ काढून देतो.

ट्रक मी मुद्दाम ॲरिझोनाहून आणवला. एवढ्या लांबून का, तर मिठामुळे. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आल्या-आल्या मलाही ते पटलं नव्हतं. बर्फ पडणार असं कळलं की इथे सरकारी गाड्या रस्त्यावर मीठ पसरत फिरतात. मूठभर नाही, टिप्परच्या टिप्पर. जाडं खडेमीठ, आपण जनावरांपुढे ठेवतो तसलं. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं आणि मिठाचं पाणी त्याहून बरंच खाली. त्यामुळे बर्फ रस्त्याला धरून बसत नाही, सुटतो, आणि मागून येणारी फाळ लावलेली गाडी तो कडेला लोटते. थंडी उणे नऊ-दहाच्या खाली उतरली की नुसत्या मिठाचं काही चालत नाही. मग त्यात दुसरे क्षार घालतात. काही ठिकाणी तर बीटाची साखर काढून उरलेली मळीही मिसळतात. आपल्याकडे मळी म्हटलं की दारूचे कारखाने आठवतात, इथे ती रस्त्यावर पडते! आणि हे मीठ येतं कुठून, तर ह्याच शहराच्या पोटातून. डेट्रॉइटखाली सुमारे साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे, शंभर वर्षांहून जुनी. वर रस्ते, घरं, कारखाने आणि खाली गाड्या फिरतील एवढे बोगदे. आपल्या भागात बोअर हजार-अकराशे फूट नेलं तरी फुफाटाच वर येतो. इथे तेवढंच खाली गेलं की मीठ लागतं. मायला हे वाचून दाखवा. तिला वाटतं मी रोज बर्फावरून घसरतोय. रस्ते कोरडे असतात, खरंच.

पण हेच मीठ चेसीला खातं. जुन्या पिकअपची चेसी म्हणजे उघडं सी-चॅनेल, इंग्रजी C सारखी एका अंगानं उघडी लोखंडी तुळई. त्याच्या आत मीठ-चिखलाचा थर बसतो आणि लोखंडाचे पापुद्रे सुटतात. वरून रंग चकचकीत आणि खालून पेचकस आरपार. म्हणून वाळवंटातला ट्रक. त्याचा रंग उन्हानं उडालाय, सीट फाटलीय, पण चेसी ठोकत गेलो तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत वाजली. जुना ट्रॅक्टर घेताना तुम्ही आधी हातोडी काढता, मीही तेच केलं.

काम पुढच्या सस्पेन्शनचं काढलंय. ह्याला आपल्या कमांडर जीपसारखा पुढे एक अखंड एक्सल आणि पाटे नाहीत. फोर्डनं १९६५ पासून ह्या पिकअपला दोन वेगळे आय-बीम दिले. डाव्या चाकाचा बीम चेसीच्या उजव्या अंगाला अडकवलेला, उजव्याचा डाव्या अंगाला, वर कॉइल स्प्रिंग. ओझ्याला आणि कच्च्या रस्त्याला दणकट. पण बीम एका टोकावर झुलतो, त्यामुळे गाडी वर-खाली झाली की चाक कलतं आणि टायर एकाच कडेनं झिजतो. त्यात किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती, ढिले. हमरस्त्यावर सारखं स्टेरिंग सावरत बसावं लागायचं.

तुम्ही म्हणाल, किंगपिन आणि बुश नवे टाक, विषय संपव. ओझं वाहायचं असतं तर मीही तेच केलं असतं. पण मला हा ट्रक लांब चालवायचाय, म्हणून दुसरा रस्ता धरला. क्राउन व्हिक्टोरिया नावाची फोर्डची मोठी कार होती. इथले पोलीस आणि टॅक्सीवाले वर्षानुवर्षं तीच वापरायचे. २०११ मध्ये ती बंद झाली. २००३ पासूनच्या गाड्यांत पुढचं सगळं सस्पेन्शन ॲल्युमिनियमच्या एका क्रॉस मेंबरवर, म्हणजे चेसीतल्या आडव्या तुळईवर बसवलेलं असतं. आर्म, शॉकॲब, ब्रेक, रॅकचं स्टेरिंग, सगळं त्यावरच. बोल्ट सोडले की अख्खा संच खाली येतो. भंगारखान्यात आपणच पाने घेऊन जायचं, आपणच खोलायचं आणि दारात पैसे द्यायचे. हा संच जुन्या एफ-१०० खाली बसवणारे इथे पुष्कळ आहेत. मी काही जगावेगळं धाडस करत नाहीये.

मन लागतं ते मात्र चेसीच्या कामात. जुना क्रॉस मेंबर रिबिटांनी जखडलेला आहे. तो काढला की दोन्ही चॅनेल मोकळे होतात आणि मोकळं लोखंड आपल्या मनानं सरकतं. म्हणून आधी गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, पाणसळीत घेतली. दोन्ही चॅनेलच्या मध्ये आडवे अँगल टाकून तात्पुरते टाके मारले. कर्ण दोन्ही बाजूंनी मोजले. मग चाकाच्या मध्यापासून जमिनीवर ओळंबा सोडला आणि फरशीवर पंचनं खूण केली. संच काढला तरी चाकाचा मध्य कुठे होता ते फरशी सांगते. आजोबांकडे लेझरचं यंत्र आहे, पण मी दोरीला नट बांधून ओळंबा केला. दोरी डुलत होती. मी नटाला बोट न लावता ती थांबायची वाट बघत बसलो. आजोबांनी विचारलं, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, उदगीरला, उसाच्या ट्रॉल्या बनतात त्या शेडमध्ये.

त्यानंतर रिबिटांची डोकी ग्राइंडरनं उडवली, छिद्रं पाडून त्या ठोकून काढल्या. आता सी-चॅनेलच्या उघड्या तोंडाला पाच मिलीमीटरची प्लेट लावून त्याचा डबा करायचं चाललंय. मोठ्या ट्रकच्या चेसीला वेल्डिंग मारू नये हे तुमचं वाक्य माझ्या ध्यानात आहे. ते बरोबरच आहे, त्यांचं पोलाद पाणी दिलेलं असतं, उष्णतेनं त्याची ताकद जाते. ह्या हलक्या पिकअपचं साधं माइल्ड स्टील आहे. तरी मी सलग शिवण ओढत नाही. इंच-दीड इंच मारायची, मग दुसऱ्या अंगाला जायचं, तोवर पहिली निवते. प्लेटची टोकं सरळ न कापता तिरपी कापलीत, म्हणजे ताण एकाच रेषेत येणार नाही. तुम्ही ट्रॉलीच्या दांडीला पट्टी लावता तेव्हा तशीच कापता. का कापता ते कधी सांगितलं नाहीत. इथे पुस्तकात कारण वाचलं तेव्हा तुमची फार आठवण आली.

अजून बरंच राहिलंय. इंजिनाचं तेलाचं चेंबर नव्या क्रॉस मेंबरला अडतंय का ते बघायचंय. पुढच्या हबचे पाच बोल्ट साडेचार इंचाच्या वर्तुळावर आहेत, मागचे साडेपाच इंचाच्या. एकच स्टेपनी दोन्हीकडे बसणार नाही, म्हणून मागचा एक्सलही कधीतरी बदलावा लागेल. तो खर्च मी पुढे ढकललाय. छोटीचं लग्न आधी.

माय, तुझ्या काळज्यांची उत्तरं देतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून मी तिच्याखाली कधी जात नाही. वेल्डिंगच्या वेळी थंडी असली तरी गॅरेजचं दार उघडं ठेवतो. डोळ्यांना हेल्मेट आहे, ठिणगी पडली की काच आपोआप काळी होते. अण्णा, तसलंच एक तुमच्यासाठी पाठवतोय. मित्र हैदराबादला उतरणार आहे, बापूनं त्याच्याकडून आणावं. ते वापरा. हातात काच धरून टाका मारायचा आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं की बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, हे आता बास करा. माझ्या लहानपणी तुम्ही रात्र-रात्र तसे पडून असायचात, ते मी विसरलेलो नाही.

बापूसाठी खास. कमांडरला लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या पट्ट्या) आणि मोठे टायर टाकून ती पुढून उचलायचं त्याच्या डोक्यात आहे, असं कळलं. त्याला सांगा, नको. नुसते शॅकल लांब केले की एक्सल तिरका होतो, कॅस्टर, म्हणजे चाक सरळ धरणारा पुढचा कल, बिघडतो आणि वेगात स्टेरिंग हातात राहत नाही. शिवाय आपल्याकडचा कायदा वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात असा मूळ बांधणीतला फेरफार बसत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. उद्या अपघात झाला तर विमेवाला हात वर करील. ‘दादा करतो मग मी का नाही’ असं तो म्हणेल. त्याला सांगा, मिशिगनात दरवर्षीचं पासिंगच नसतं, म्हणून सगळी जबाबदारी ज्यानं वेल्डिंग मारली त्याच्यावर. मी प्रत्येक प्लेट लावायच्या आधी तुकड्यावर शिवण मारून, व्हाइसमध्ये धरून मोडून बघतो. त्यानं आधी पाट्यांचे बुश आणि सेंटर बोल्ट बदलावेत, निम्मा त्रास तिथेच जाईल.

छोटीच्या लग्नाचे तीन लाख बँकेत टाकलेत, गुरुवारपर्यंत दिसतील. त्यातून आधी हॉलचा ॲडव्हान्स भरा. वैशाखातली तारीख हातची घालवू नका. उरलेले दोन लाख मार्चमध्ये पाठवतो. वरच्या रानाचा एकर विकायचा विषय मामांनी पुन्हा काढला तर माझं नाव सांगून नाही म्हणा. पाव्हण्यांनी गाडी मागितली असेल तर तेही मला स्पष्ट कळवा, मी स्वतः बोलेन. गाडी द्यायची नाही.

माझं येणं अजून ठरलेलं नाही. परत येताना व्हिसाचा शिक्का मारून घ्यावा लागतो आणि त्याची तारीख मिळत नाहीये. आलो आणि तिकडेच अडकलो तर नोकरी जाईल, मग मार्चनंतरचे हप्ते कोण भरणार? रोज पहाटे उठून तारीख बघतो. नाहीच जमलं तर कानपिळी बापूनं करावी, माझ्या वाटचीही. छोटीला हे तुम्ही सांगू नका, मी सांगेन. मागच्या फोनवर मी तिला ‘येतोच’ म्हणालो होतो. अजून तसंच धरून चाललोय.

अंबाजोगाईच्या स्थळाचा फोटो बघितला. नाही म्हणत नाही. पण पत्रिका जुळवायच्या आधी त्या मुलीला थेट विचारा, हिवाळ्यात चार-चार महिने घरात बसणं, माहेर इतकं लांब असणं तिला चालणार आहे का. आणि मी जुन्या ट्रकवर काम करतो हेही सांगा, मागाहून कळायला नको.

मायच्या गुडघ्याचं औषध चालू ठेवा. अण्णा, शेडचं वीजबिल माझ्या खात्यातून जाऊ द्या, बापूला सगळं सांगितलंय.

तुमचा,
थोरला

ता. क. छोटीच्या पाटल्यांचे पैसे ह्या तीन लाखांत धरू नका. ते मी मायच्या खात्यात वेगळे टाकलेत. सोनाराकडे जाताना छोटीलाच सोबत न्या, नक्षी तिच्या पसंतीची घ्या.