कुडचीच्या दर्ग्यांचा इतिहास फरशीखाली जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेहून बेळगावकडे येणारी गाडी उगार सोडून कृष्णेचा पूल ओलांडते आणि आमचे कुडची गाव येते. बाहेरच्या लोकांना हे गाव ठाऊक असते ते ऊस आणि मासाहेबांच्या दर्ग्यामुळे. या दर्ग्याला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढवायला मुसलमान येतात तसेच नारळ आणि मलिद्याचे ताट घेऊन मराठी आणि कानडी बोलणारी हिंदू कुटुंबेही येतात, आणि त्यांतली अनेक जण त्याच श्रद्धेने शेजारच्या चिंचलीला मायाक्काच्या यात्रेलाही जातात. या भक्तीला ओहोटी लागलेली नाही. पण ती ज्या इतिहासावर उभी आहे, तो डोळ्यांदेखत पुसला जात असल्याने हे पत्र लिहीत आहे.

मुसलमानी राजवटींचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे थेट विजापूरपासून सुरू होते. बेळगाव किल्ल्यातील सफा मशीद, १५४९ मध्ये वारलेला तिथला सुभेदार असद खान लारी, हुक्केरीचे घुमट ही सारी आदिलशाहीची आठवण आहे आणि तिच्याविषयी थोडेफार छापूनही आले आहे. कुडचीचे नाते त्याहून दीडशे वर्षे मागे जाते. शेख सिराजुद्दीन जुनैदी हे सूफी सत्पुरुष चौदाव्या शतकात येथे राहत होते. मिरज आणि हुक्केरीकडचा मुलूख ज्याच्या जहागिरीत होता, तो हसन त्यांना मानत असे, आणि हाच हसन १३४७ मध्ये दौलताबादेस बहमनी राज्याचा पहिला सुलतान झाला. पुढे राजधानी गुलबर्ग्यास गेली, शेखही तिकडे गेले, आणि त्यांची कबर आज तेथील शेख रोजा येथे आहे. गुलबर्ग्याचे प्रसिद्ध सूफी संत बंदेनवाज त्या शहरात आले ते त्यानंतर, १४०० च्या सुमारास. शाळेत आम्हाला हसन हा गंगू ब्राह्मणाचा चाकर असल्याची गोष्ट शिकवली गेली, जी इतिहासकार आता खरी मानत नाहीत. कुडचीचे नाव मात्र एकाही धड्यात वाचल्याचे मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी या परिसरातील एका लहान दर्ग्याची दुरुस्ती निघाली. चौकटीवरच्या दगडावर कोरलेल्या दोन ओळी होत्या. त्यांवर वर्षानुवर्षे चुना आणि नंतर हिरवा ऑइलपेंट इतका बसला होता की अक्षरे दिसत नसत, पण बोट फिरवले तर लागत. मी मुलांना तो दगड दाखवत असे. पुढच्या उरुसाला गेलो तेव्हा तेथे चकचकीत फरशी बसली होती. हे कोणी द्वेषाने केले नाही, उलट वर्गणी काढून, श्रद्धेने केले; म्हणूनच त्यांच्यावर रागावताही येत नाही. त्या दोन ओळींत काय होते, हे मात्र आता कोणालाच सांगता येणार नाही.

दुरुस्ती करू नये, असे माझे म्हणणे नाही. हात लावण्यापूर्वी फोटो आणि ठसे घेतले जावेत, एवढीच विनंती आहे. ओला कागद दगडावर कुंचल्याने ठोकून वर शाई फिरवली की ठसा उठतो, आणि दगडाला त्यात काही इजा होत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांसाठीची शाखा नागपूरला आहे. दर्गा समित्यांनी आणि वक्फ मंडळाने तिला पत्र लिहावे. दर्ग्याच्या दारी मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत माहितीफलक लागावा, कारण येणारा भाविक या तिन्ही भाषांतला आहे.

कागदपत्रांचा प्रश्न याहून अवघड आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि रायबाग तर आधी कोल्हापूर संस्थानात होते, त्यामुळे इनामांची दप्तरे पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव अशी विखुरली आहेत, आणि उरलेले कागद मुजावर व इनामदार घराण्यांच्या पेट्यांत आहेत. आमच्याही घरी दिवाबत्तीच्या जमिनीविषयीचा एक मोडी कागद आहे. घडीघडीवर तो फाटत चालला आहे आणि घरात तो वाचणारे कोणी उरलेले नाही. मोडी जाणणाऱ्या अभ्यासकांनी गावात येऊन अशा कागदांच्या प्रती करून घ्याव्यात. आमच्या घरचा कागद त्यांच्यासमोर ठेवायला मी केव्हाही तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, कुडची (ता. रायबाग, जि. बेळगाव)