छापील नकाशावर काट मारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

तुम्ही यंदा निवृत्त झाल्याचं कळलं. फोनवर आभार मानायला गेले तर ‘अहो, ते माझं कामच होतं’ म्हणत तुम्ही विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे, म्हणजे मध्येच अडवता यायचं नाही.

भाद्रपदात पावसानं ओढ दिली. धान निसवायला आलेलं, आणि अशा वेळी एक पाणी चुकलं की लोंबी पोचट राहते. यंदा मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं, पाणी आमच्या शेवटच्या बांधीपर्यंत, धानाच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचलं. घरात धान आलं, मॅडम. पोती शिवताना तुमची आठवण येते आणि हात थांबतो.

तुमच्याआधी आमच्याकडे कुणी आलंच नव्हतं असं नाही. एका भाडोत्री संस्थेनं गावाचा विकास आराखडा करून दिला होता. शाश्वत विकासाची 17 ध्येयं रंगीत चौकोनांत छापलेली, कागद गुळगुळीत. आत एका पानावर दुसऱ्याच गावाचं नाव राहून गेलेलं, आणि ज्याच्यावर आमचं गाव जगतं त्या तलावाचा उल्लेखच नाही. मग गाळ काढायला मशीन आली. रस्त्यालगत सोयीचं होतं तिथंच खोल खड्डा करून गेली. काठाचं उथळ पाणी, जिथं देवधान (आपोआप येणारं रानटी धान) उगवतं आणि मासे अंडी घालतात, तेच उखडलं. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यात मरळ येईनाशी झाली. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘अर्ज द्या.’ अर्ज दिले. ते कुठल्या फायलीत आहेत देव जाणे.

तलावांचा अभ्यास करत तुम्ही आलात तेव्हा पिशवीत आमच्या गावाच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जची प्रत होती. गावाच्या वहिवाटीचे हक्क असे लिहून ठेवलेले असतात हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी गेली, तलाव सरकारचे झाले, 100 हेक्टरपर्यंत जमीन भिजवणारे पुढे जिल्हा परिषदेकडे आले, आणि गावानं मिळून पाळ दुरुस्त करायची रीत हळूहळू सुटली, हे तुम्ही ओसरीवर बसून समजावून सांगितलंत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली धरून पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत आणि तुमची अख्खी नोकरी त्यांच्यामागे फिरण्यात गेली. 1987 च्या ब्रुंटलँड अहवालातली गोष्टही सांगितलीत, की आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या गरजेला हात लावायचा नाही. आणि लगेच विचारलंत, ‘तुमच्याकडे पाण्याची पाळी कोण ठरवायचं?’ तलाव म्हणजे नुसतं साठलेलं पाणी नाही. वरचं जंगल, पाळ, सांडवा, पाट, खालची बोडी (लहान तळं) आणि त्याखालच्या बांध्या हे सगळं मिळून एकच काम आहे, असं तुम्ही म्हणायचात. आराखडा करणाऱ्या साहेबांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

पण खरं सांगायचं ते त्या सभेचं. समाजमंदिरात तुम्ही तुमचा छापील नकाशा भिंतीवर लावला होता. समोर खुर्च्यांवर साहेब लोक, बाजूला तुमचे विद्यार्थी. मागून आमच्या ढिवर मावशी बोलल्या, ‘पाणी असं नाही जात मॅडम. पयले खालच्या बोडीत उतरते, मंग वळते.’ एक साहेब हसले. तुम्ही हसला नाहीत. उपग्रहाचं चित्र असं दाखवतं, असंही म्हणाला नाहीत. मावशींना पुढे बोलावलंत, बोट ठेवायला सांगितलंत, आणि लाल पेनानं तुमच्याच निळ्या रेघेवर काट मारून त्यांच्या बोटामागून नवी रेघ ओढलीत. खाली ‘दुरुस्ती’ असं लिहून मावशींचं नाव घातलंत, तेही नीट विचारून. दुसऱ्या दिवशी पहाटे चपला हातात घेऊन त्या पाटानं चिखलातून चालत गेलात. पाणी मावशी म्हणाल्या तसंच जात होतं. तुमच्या पुढच्या लेखात ती दुरुस्ती त्यांच्या नावासह छापून आली, आणि बुजलेला पाट गावानं त्याच रेघेवरून मोकळा केला.

शिकलेल्या माणसानं चार लोकांत आपल्याच कामावर काट मारलेली मी तोवर पाहिली नव्हती. हुशार माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला कमी न लेखता ऐकून घेणारी थोडी असतात, पण असतात, आणि बहुधा त्यांच्याकडे गाडी नसते, शिपाई नसतो, एसटीनं येतात आणि पोहे खाऊन परत जातात. अशा माणसांच्या जिवावरच गावं तगली आहेत असं माझं ठाम मत झालं आहे. मावशी आता ग्रामसभेत मागे बसत नाहीत.

आता एक विनंती. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वरच्या जंगलातला ओढा आराखड्यात घालायचा आहे. वनविभागाची हद्द नेमकी कुठून सुरू होते यावर वाद आहे, आणि जुना नकाशा वाचू शकेल असं आमच्यात कुणी नाही. तुम्ही या. आदल्या दिवशी मुक्कामाला आमच्याकडेच या, विद्यार्थी असतील तर त्यांनाही आणा.

तुमची,
तलावाखालच्या शेवटच्या बांधीची मालकीण
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया