सिनेमाच्या पोस्टरवर एवढी गर्दी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शुक्रवारी सिनेमाच्या जाहिराती येतात त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी कुडाळात फ्लेक्स डिझाइनचं काम करतो, त्यामुळे जाहिरात दिसली की नजर आधी रंग आणि अक्षरांवरच जाते. आणि हल्लीच्या बऱ्याच मराठी सिनेमांची पोस्टरं बघून खरंच वाईट वाटतं. आठ-दहा चेहरे, मागे धूर, त्याच्यामागे ढग, कोपऱ्यात एखादी गाडी नाहीतर देऊळ, नावाला सोनेरी ग्रेडियंट (गडद ते फिकट सरकत जाणारी छटा), त्याला पांढरी आउटलाइन आणि तिच्यामागे परत काळी शॅडो. हेच डिझाइन बारीक करून पेपरला पाठवतात. पेपरचा कागद शाई पितो, छपाईचे ठिपके पसरतात, त्यामुळे मॉनिटरवर सुंदर दिसणारे गडद निळे, तपकिरी, जांभळे सगळे एकमेकांत मिसळून एक काळपट चौकोन तेवढा उरतो. आमच्याकडे एक आजोबा पेपर पुढे धरून विचारत होते, "ह्यो पिक्चर भुताचो काय लग्नाचो?" प्रश्न बरोबर होता, पोस्टरवरून काहीच कळत नव्हतं.

पोस्टरचं काम काय, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन-तीन सेकंदांत एवढं सांगायचं की हा अमुक मूडचा सिनेमा आहे आणि नाव हे आहे, बाकी माहिती त्याला बघावीशी वाटली तर तो शोधतोच. सॉल बास या अमेरिकन डिझायनरने १९५८ साली हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं पोस्टर केलं ते बघा. पूर्ण नारिंगी जमीन (म्हणजे मागचा रंग), पांढऱ्या रेषांचा एक भोवरा, त्यात पडणाऱ्या माणसाची काळी आकृती आणि हाताने कापल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं. हिरोचा फोटो नाही, तरी बघताक्षणी चक्कर आल्यासारखं वाटतं आणि सिनेमाचा विषय तोच आहे. १९७५ च्या 'जॉज'चं पण तसंच, वर पोहणारी एक बाई, खालून वर येणारा शार्क, निळं पाणी आणि लाल अक्षरात नाव, बस्स. समुद्राकाठच्या माणसाला तर ते समजावून सांगायलाच नको.

पण यासाठी परदेशात जायची गरज नाही, आपल्या सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आहे की. दशावतारी गंजिफात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि प्रत्येक अवताराच्या पानांना वेगळ्या रंगाची जमीन. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी खूण. खेळणाऱ्याच्या हातात गोल पानांची चळत असते, कडा तेवढ्या दिसतात, तरी नुसत्या रंगावरून त्याला कळतं पान कोणाचं ते. म्हणजे लांबून रंग ओळखायचा आणि जवळून खूण, हे आपल्याकडच्या चितारी लोकांना कधीपासून माहीत होतं. आज ती पानं शोकेसमध्ये ठेवायची वस्तू झालीत आणि आम्ही डिझाइनवाले इंटरनेटवरचे तेच ते टेम्प्लेट उचलतोय.

आता रंगाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त गफलत होते. पोस्टर कुठे लागणार हे कोणी विचारतच नाही. पावसाळ्यात हायवेच्या दोन्ही बाजूंना हिरवंगार, त्यात कोणी हिरव्या-निळ्या शेडचा फ्लेक्स लावला तर तो झाडीत गुडूप होतो, तिथे पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर लाल उठून दिसतं. तेच चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर लावायचं असेल तर लाल-तपकिरी मार खातो, कारण मागचा चिराच त्या रंगाचा आहे. दुसरं म्हणजे संध्याकाळ. दिवेलागणीला अंगणातली जास्वंद काळी दिसायला लागते पण पानं अजून हिरवी कळतात, हे सगळ्यांनी बघितलेलं असेल. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवून ठेवलंय, उजेड कमी झाला की डोळ्याला लाल आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा जास्त वेळ उजळ राहतो. म्हणजे काळ्या बॅकग्राऊंडवर गडद लाल अक्षरात लिहिलेलं भुताच्या सिनेमाचं नाव संध्याकाळच्या शोला येणाऱ्या माणसाला बिनलाइटच्या फ्लेक्सवर वाचताच येत नाही. तिसरं ऊन. छापील रंगांमध्ये गुलाबी आणि पिवळी शाई उन्हात आधी उडते, निळी टिकते, म्हणून जुनी पोस्टरं निळसर भुतासारखी दिसतात. लाल रंग याच दोन शायांचा बनतो, तो लवकर फिका होतो. ज्याचं सगळं चित्र बारीक रंगछटांवर उभं आहे त्याचं काही उरत नाही, पण ज्याचा आकारच ठसठशीत आहे तो रंग उडाला तरी ओळखू येतो.

कोणी म्हणेल आपल्या लोकांना भरगच्चच आवडतं. असेल, त्याला माझी हरकत नाही. दिवाकर करकरेंनी रंगवलेली सत्तरच्या दशकातली हिंदी पोस्टरं काही साधी नव्हती, 'दीवार'सारख्या सिनेमात कलाकारही भरपूर. पण त्या हाताने रंगवलेल्या कामात चित्रकार ठरवायचा की कुठला चेहरा मोठा, कशावर आधी नजर जायला पाहिजे, बाकीचे त्याच्या मागे. आता प्रत्येकाचा फोटो एकाच साइझचा, एकाच उजेडाचा. कोणालाही दुखवायचं नाही म्हणून सगळे सारखेच मोठे, आणि मग लक्षात कोणीच राहत नाही. कोल्हापूरचे चित्रकार-दिग्दर्शक बाबुराव पेंटर यांचं १९२४ सालचं 'कल्याण खजिना'चं पोस्टर भारतातलं सगळ्यात जुनं टिकलेलं सिनेमाचं पोस्टर मानतात, म्हणजे सुरुवात आपल्याच माणसाने केलीय. सत्यजित राय जाहिरात कंपनीतून आले होते, ते स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं आणि अक्षरं स्वतः करायचे. एवढा मोठा दिग्दर्शक त्यासाठी वेळ काढत होता, आमच्याकडे मात्र पोस्टर रिलीजच्या आठवडाभर आधी रात्रीत करायला सांगतात.

आणि आता तर अर्ध्या लोकांना पोस्टर पहिल्यांदा मोबाइलवर दिसतं, तेही नखाएवढं. त्यात दहा चेहरे कसे मावणार? माझ्याकडे नाटकमंडळी किंवा जत्रेच्या कमिटीची मुलं येतात तेव्हा मी त्यांना डिझाइन बारीक करून मोबाइलवर दाखवतो आणि मग रंग काढून काळं-पांढरं करून दाखवतो, दोन्हीत नाव वाचता आलं तर छापायला घेतो. पैसे नाही लागत याला, फक्त कुठला फोटो काढून टाकायचा हे ठरवायची तयारी लागते आणि तिथेच भांडणं होतात.

तुमच्याकडे दोन विनंत्या आहेत. जाहिरात विभागाने निर्मात्यांना कळवावं की पेपरसाठी वेगळं डिझाइन द्या, एक चित्र, सिनेमाचं नाव, थिएटर आणि टाइम, फिकट किंवा पांढऱ्या जमिनीवर. आणि शुक्रवारच्या पानावर दर आठवड्याला एखादं चांगलं जुनं मराठी पोस्टर जरा मोठं छापा, खाली ते कोणी रंगवलं त्याचं नाव टाका. सावंतवाडी, मालवण, कणकवलीत डिझाइन शिकणारी बरीच पोरं आहेत, त्यांना बघायला चांगलं काम मिळेल.

आपला,
एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)