कॅमेरा उघडू नका, एवढे सांगून भागत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत घरगुती दुरुस्तीवर जो लेख छापून आला, तो वाचून राहवले नाही म्हणून हे पत्र. डिजिटल कॅमेऱ्याला घरी हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला न्या, असे लेखकाने पुन्हा पुन्हा बजावले आहे. सर्व्हिस सेंटरला नेल्यावर पुढे काय होते, याबद्दल मात्र एक ओळ नाही. ते मी सांगतो.

माझ्या कॅमेऱ्याची वरची डायल गेल्या पावसाळ्यापासून बिघडली होती. शटरचा वेग १/२५० सेकंदावर न्यायला डायल उजवीकडे फिरवावी, तर आकडा १/१६० वर यायचा, मग १/२०० वर, आणि पुन्हा मागे. आमच्या वाडीतल्या शिमग्याला पालखी नाचत असताना मी हा आकडा धरायला धडपडत होतो. पालखी सहाणेवर जाऊन बसली, तोवर हाती आले ते सगळे हललेले फोटो. तो क्षण पुढच्या शिमग्यापर्यंत परत येत नाही.

कॅमेरा रीतसर कुरिअरने मुंबईला पाठवला. तिकडून उत्तर आले, ‘टॉप कव्हर असेंब्ली बदलावी लागेल.’ खर्चाचा आकडा असा, की तेवढ्यात तेच मॉडेल जुन्या बाजारात मिळाले असते आणि वर पैसे उरले असते. नुसती डायल बदलून द्या म्हटले, तर सुटा भाग येत नाही. आतून साफ करून बघा म्हटले, तर तशी पद्धत नाही. दुरुस्ती न करता कॅमेरा परत मागवला, तर तपासणीचे पैसे आणि जाण्यायेण्याचे कुरिअर माझ्याच माथी. याला दुरुस्ती म्हणायचे का, हे आपल्या लेखकानेच सांगावे.

आता त्या डायलमध्ये असते काय, तेही लिहितो, कारण लेखात ते कुठेच आले नाही. आत तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांवर घासत फिरणारी केसासारखी बारीक धातूची बोटे. जोडणी दोन ठिकाणी होते, पण एकाच क्षणी नाही. एक किंचित आधी, दुसरी किंचित नंतर. आधी कोणती झाली यावरून डायल उजवीकडे फिरली की डावीकडे, हे कॅमेऱ्याला कळते. त्यातल्या एकीवर मळ किंवा काळपट थर धरला की दिशाच उलटी समजते. आकडे मागे का पळतात, त्याचे उत्तर एवढेच. आमच्या रत्नागिरीची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल असल्यावर हा थर धरायला वेळ लागत नाही. भाग मोडलेला नसतो, तो मळलेला असतो. मळलेल्या भागासाठी अख्खे वरचे कव्हर फेकून द्यायला सांगणे हा मला सरळ अन्याय वाटतो.

बॅटरी काढून डायल दोन्ही बाजूंना भरपूर फिरवली तरी पुष्कळदा थर घासून निघतो. तेवढ्याने भागले नाही, तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्क्यांचे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कडेने थेंबभर सोडायचे, पुन्हा फिरवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. माझी डायल यानेही सुधारली नाही, म्हणून कव्हर उघडले. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून ज्याचा त्याच जागी चिकटपट्टीने लावला. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. बाजारातला साधा स्क्रूड्रायव्हर त्यात घसरतो आणि डोके गोल होऊन बसते. आतले भाग जोडणारी वायरींची पातळ स्ट्रिप ओढून काढायची नाही, आधी तिची खिट्टी उचलायची. आतल्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. आयपीएत भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसल्यावर खालचे तांबे लख्ख दिसले. आज प्रत्येक टिचकीला आकडा एकच घर पुढे सरकतो.

लेखकाला सावधच करायचे होते, तर खरा धोका सांगायचा. ज्या कॅमेऱ्यात अंगचा फ्लॅश असतो, त्यात फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर असतो. त्यात ३०० व्होल्टच्या आसपास विजेचा दाब साठतो आणि बॅटरी काढल्यावरही तो राहतो. त्याला बोट लागले तर जोरदार झटका बसतो. ज्याला हा कपॅसिटर ओळखता आणि रिकामा करता येत नाही, त्याने असा कॅमेरा उघडू नये, हे मलाही मान्य आहे. पण हे न सांगता लेखाशेजारच्या चौकटीत ‘अडकलेल्या बटणांवर गंज काढण्याचा स्प्रे मारा’ असे छापले आहे! त्या स्प्रेचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. सॅनिटायझरही चालत नाही, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असते. कृपया ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापा, नाहीतर वाचकांचे चांगले कॅमेरे बिघडतील.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने असे गट ठरले. कॅमेऱ्याला त्यात वेगळा गट नाही. सुटा भाग ग्राहकाला मिळालाच पाहिजे, ही मागणी आपल्या वर्तमानपत्राने लावून धरावी, वाचकांना घाबरवत बसू नये.

जाता जाता आणखी एक. वाचकांकडून पावसाळ्याचे फोटो मागवता आणि छापताना खाली ‘संग्रहित छायाचित्र’ लिहिता. आंबा घाटातला माझा फोटो असाच छापला गेला. मानधन नको, पण ज्याने भिजत उभे राहून फोटो काढला, त्याचे नाव खाली द्यायलाच हवे.

आपला,
एक जुना वाचक, रत्नागिरी